मुलांच्या हाडात होणारा पू : आपले काही गैरसमज

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस बाई आमंत्रण घेऊन माझ्या घरी आल्या तेव्हा व्याख्यानाचा विषयही त्या बरोबरच घेऊन आल्या होत्या : 'मुलांचा समतोल आहार'. मी त्यांना म्हटले, आहारावर ह्या व्यासपीठावरून आजवर इतके बोलून झाले आहे की आपल्यातली कोणतीही बाई उठून माझ्याहून चांगले बोलेल. मला आज एका दुखण्याविषयी बोलू द्या. हे दुखणे काही घरोघरी आढळणारे नाही. पुष्कळ बायकांचा जन्म त्याचे नाव न ऐकता जातो. पण ज्या घरात ते येते तिथे पहिल्या दोन-तीन दिवसांत काय केले आणि काय करायचे राहिले, ह्यावर त्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य ठरते. आणि हे पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांच्या वाट्याला येतच नाहीत. ते आईच्या आणि आजीच्या हातात असतात. तेव्हा हा विषय बोलायचा तर महिला मंडळातच बोलायला हवा. चिटणीस बाईंनी जरा नाराजीनेच होकार दिला, त्याबद्दल त्यांचे आभार.

दुखण्याचे पुस्तकी नाव तीव्र अस्थिमज्जाशोथ. डॉक्टर मंडळी ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. नावाला घाबरू नका. आपण त्याला नुसते 'हाडातला पू' म्हणू. रक्तातून आलेले जंतू मुलाच्या हाडात ठाण मांडतात आणि तिथे पू करतात, एवढाच त्याचा अर्थ.

माझी ह्या दुखण्याशी ओळख वैद्यकीय महाविद्यालयात झाली नाही. ती घरात झाली. आमचे गाव तासगाव तालुक्यात. १९६६ सालचा श्रावण होता. मी सहा वर्षांची आणि माझा थोरला भाऊ, दादा, नऊ वर्षांचा. दादा वडावर सूरपारंब्या खेळताना पडला. पडला म्हणजे काही विशेष नाही, रोजच कोणी ना कोणी पडत असे. उठून तो पुन्हा खेळायला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दुखू लागला आणि रात्री अंगात ताप भरला. आई म्हणाली, पडला त्याने मुरगळले असेल. तिने तेल कोमट केले आणि पाय चोळायला बसली. दादाने जी किंकाळी फोडली ती मला आजही ऐकू येते. आजी आईला म्हणाली, "लचक निघताना दुखतंच गं, तू चोळ." आई चोळत राहिली. ती रडत होती आणि चोळत होती.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून हाडवैद्याला आणले. त्याने लेप लावला आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. ताप उतरेना. कोणी म्हणे हिवताप, कोणी म्हणे बाहेरचे काही आहे. वडील दादाला मिरजेला नेऊ म्हणाले, तर आजी आडवी पडली. "तिथं नेलं की पाय कापतील," एवढेच तिचे म्हणणे. आठव्या दिवशी दादा बरळू लागला, पाय कोहळ्यासारखा सुजला, तेव्हा कुठे त्याला बैलगाडीत घालून तासगावला आणि तिथून एस.टी.ने मिरजेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी त्याच रात्री पाय उघडला. भांडे भरून पू निघाला असे वडील सांगत. पेनिसिलिनची सुया टोचटोचून दादाचा जीव वाचला, पाय कोणी कापला नाही. मात्र त्या पायाची जखम पुढे अडीच वर्षे वाहत राहिली. १९६८ च्या दिवाळीत त्या जखमेतून हाडाचा एक तुकडा आपोआप बाहेर आला, बोटाच्या पेराएवढा, पिवळट, कुरतडल्यासारखा. आईने तो फडक्यात बांधून येरळेच्या पात्रात सोडला. दादाचा तो पाय एक इंचाने आखूड राहिला. उंच टाचेचा बूट घालून तो आज सत्तरीकडे झुकला आहे.

आता ह्या गोष्टीत आमच्या घराचे कुठे कुठे चुकले ते पाहू, म्हणजे गैरसमजांची वेगळी यादी करायला नको.

पहिला गैरसमज पडण्याचा. मूल पडले, मग पाय दुखला, म्हणजे पडल्यामुळेच दुखला. हे इतके उघड वाटते की पुढचा विचार आपण करीतच नाही. ह्या आजाराची जेवढी मुले डॉक्टरांकडे येतात त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांची आई कुठल्या तरी मारालाच दोष देते. त्यात अगदी तथ्य नाही असेही नाही. सशांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की रक्तात जंतू असताना हाडाला मार बसला तर ते नेमके त्या जागी रुतून बसतात. पण मार हे फार तर निमित्त. मूळ कारण जंतू, आणि ते रक्तातून आलेले असतात. दादा पडण्याच्या पंधरा दिवस आधी त्याच्या मांडीवर मोठे करट झाले होते. ते आईने पोटीस बांधून फोडले आणि विसरूनही गेली. करट, खरूज, चिघळलेली जखम अशा वाटांनी जंतू रक्तात शिरू शकतात. कधी कधी तर वाट सापडतही नाही. ह्या जंतूंतला सर्वांत मोठा गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस नावाचा. स्कॉटलंडमधले शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी तो पुवात पाहिला आणि १८८२ साली त्याला हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ द्राक्षांचा घड. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू घडासारखे दिसतात. आम्हा तासगावकरांना हे नाव पाठ करायला मुळीच कष्ट पडले नाहीत! अगदी लहान मुलांत, सहा महिने ते चार वर्षांच्या, किंगेला नावाचा आणखी एक जंतू असतो. तो जरा सौम्य, त्यामुळे ताप थोडा येतो आणि फसगत अधिक होते.

तर मग हाच जंतू हाडात, आणि हाडाच्या टोकाशीच, का बसतो? मुलाचे लांब हाड मधून वाढत नाही, टोकांशी वाढते. तिथे वाढीची एक मऊ चकती असते. तिच्या अलीकडे बारीक रक्तवाहिन्या आकड्यासारख्या वळून मागे फिरतात आणि त्या वळणावर रक्ताचा वेग मंदावतो. ओढ्याच्या वळणावर गाळ कसा साठतो, तसेच. म्हणून हे दुखणे गुडघ्याच्या आसपास अधिक : मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक. त्याखालोखाल दंडाचे हाड. मुलींपेक्षा मुलांत जवळजवळ दुप्पट आढळते आणि निम्म्याच्या आसपास मुले पाच वर्षांच्या आतली असतात.

गालावर किंवा मांडीवर गळू झाले तर कातडी ताणते, सूज बाहेर दिसते. हाड ताणत नाही. टणक भिंतींच्या खोलीत पू कोंडतो, त्याचा दाब वाढतो आणि तो ठणका सुरू होतो. मग पू भिंतीतून वाट काढत हाडावरच्या पातळ वेष्टणाखाली शिरतो आणि ते वेष्टण हाडापासून सोडवतो. मुलांत ते मुळातच सैल असते. हाडाला आतून रक्त मिळते ते पुवाने दाबलेले आणि बाहेरून वेष्टणावाटे मिळते तेही तुटलेले, अशी दोन्हीकडून कोंडी झाली की तेवढे हाड मरते. मेलेल्या हाडात रक्त जात नाही. रक्तच जात नाही तर रक्तातून जाणारे औषध तरी कसे जाणार? जंतू मात्र तिथे सुखाने राहतात. दादाच्या पायातून आलेला तुकडा तो हाच. पहिल्या दोन-तीन दिवसांना महत्त्व का, ते ह्यावरून कळेल. हाड मरण्याच्या आत औषध पोहोचले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात, खूण देखील राहत नाही.

आता चोळण्याविषयी. आपल्याकडे दुखले की चोळायचे ही रीत इतकी मुरलेली आहे की न चोळणे म्हणजे हयगय वाटते. थकलेला पाय चोळावा, मी स्वतः रोज चोळून घेते. पण ताप आहे आणि पाय दुखतो, अशा मुलाला तेल लावून रगडू नये, ओढू नये, 'शीर बसवू' नये, शेकू नये, आवळून बांधू नये. त्याने पू विरघळत नाही. मुलाचे हाल होतात आणि मुख्य म्हणजे दिवस जातात. लेपाखाली सूज झाकली जाते ती वेगळीच.

इथे तुम्ही विचाराल, मुलांचे पाय तर रोजच दुखतात, मग काय दर वेळी इस्पितळ गाठायचे? फार रास्त प्रश्न आहे. वाढत्या वयात मुलांचे पाय संध्याकाळी-रात्री दुखतात, त्याला आपण वाढीचे दुखणे म्हणतो. ते निरुपद्रवी असते. ह्या दोहोंतला फरक ओळखायला डॉक्टर लागत नाही. वाढीचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते, कधी पोटऱ्या, कधी मांड्या. ताप नसतो. सकाळी मूल उठून उड्या मारते, लंगडत नाही. आणि ते मूल स्वतःच म्हणते, "आई, पाय दाब ना." हाडातल्या पुवाचे मूल पाय दाबू देत नाही. दुखणे एकाच पायात, एकाच जागी, दिवसाही आणि रात्रीही. ते पाऊल टेकत नाही, किंवा लंगडते. ताप असतो. तुम्ही पांघरूण काढायला गेलात तरी ते तुमचा हात धरते. मी चाळीस वर्षांच्या व्यवसायात हीच एक गोष्ट आयांना सांगत आले : मूल दाबून मागते का, की हात लावू देत नाही? दादा हात लावू देत नव्हता. आईच्या हाताला ते कळत होते. तिचे मन थांब म्हणत होते आणि घर चोळ म्हणत होते.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी, आणि अधिक भयाची. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला ह्या दुखण्यात पुष्कळदा ताप येतच नाही. बाळ पीत नाही, किरकिरते, आणि दुपटे बदलताना एका ठरावीक पायाला हात लागला की कळवळते. तो पाय हलवीत नाही, लुळा टाकून ठेवते. घरात मग पहिला आळ येतो तो न्हाऊ घालणाऱ्या बाईवर. "तिनेच पाय उतरवला." त्या बिचारीला बोल लावण्यात आणि दुसऱ्या बाईकडून पाय 'चढवून' घेण्यात दोन दिवस जातात. पूर्वी अशा लुळ्या पायाला पोलिओ म्हणूनही घरी बसत. आपल्या देशातला रानटी विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा तो तर्क आता मागे पडला आहे. बाळांत आणखी एक धोका असा की वर सांगितलेली वाढीची चकती ओलांडून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दीड वर्षाच्या आतबाहेरपर्यंत असतात, त्यामुळे पू सहज सांध्यात उतरतो. खुब्याच्या सांध्यात उतरला तर मांडीच्या हाडाचा गोलच खराब होतो. सांध्यातला पू दिवसांवर नाही, तासांवर मोजायचा. एक पाय किंवा एक हात न हलवणारे तान्हे बाळ त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना दाखवावे.

आतापर्यंत मी घरातल्यांच्या चुका सांगितल्या. आता डॉक्टरांची सांगते, म्हणजे माझीच.

१९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवीत होते. चार वर्षांच्या एका मुलीला तिची आजी खांद्यावर टाकून घेऊन आली. ताप दोन दिवसांचा, उजवा पाय टेकत नव्हती. मी तपासले, मांडीच्या खालच्या भागाला हात लावताच मुलगी कळवळली. हे दुखणे तर मी घरात पाहिलेले! मला शंका आली, नाही असे नाही. मी क्ष-किरण फोटो काढून घेतला. फोटो स्वच्छ. एक रेघ इकडची तिकडे नाही. बाहेर रुग्णांची रांग होती, आणि त्या स्वच्छ फोटोने माझ्या मनावरचे ओझे उतरवले. मी तापाचे औषध दिले आणि म्हटले, "हाडाला काही नाही, आजी. स्नायूला मार असेल." आजी उठेना. ती म्हणाली, "बाई, फोटू चांगला आसंल. पोर चांगली न्हाई."

मी तिला तसेच परत पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती, मुलगी मांडीवर. कोणी बोलावले नव्हते, पाच कोस चालून आली होती. तेव्हा माझे डोळे उघडले. रक्त तपासले, कल्चरसाठी रक्त घेतले आणि त्यांना त्याच मोटारीने सांगलीला शल्यचिकित्सकांकडे पाठवले. हाडातून पू निघाला. मुलगी बरी झाली, पुढे शाळेच्या कबड्डीच्या संघातही होती. पण ते श्रेय माझे नव्हे. त्या आजीने माझे ऐकले असते तर काय झाले असते ते मला दादाच्या बुटाकडे पाहिले की कळते.

फोटो स्वच्छ येणे हा ह्या दुखण्यातला सर्वांत मोठा फसवा दिलासा आहे, म्हणून मी एवढे लांबवले. क्ष-किरणांत हाडातला बदल दिसायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. हाडातल्या क्षारांचा बराच मोठा भाग नाहीसा झाल्याशिवाय फोटोवर त्याची खूण उमटत नाही. पहिल्या दिवशी फोटो काढायचा तो हाड मोडलेले नाही ना, हे पाहायला. हाडात पू नाही, असे तो सांगू शकत नाही. आज एम.आर.आय. नावाची तपासणी आहे, ती पहिल्या काही दिवसांतच हाडातला बिघाड दाखवते. सांगली-मिरज-कोल्हापुरात ती होते. लहान मुलाला त्यासाठी थोडी गुंगी द्यावी लागते, त्याला घाबरू नये. रक्ताच्या तपासण्यांत सी.आर.पी. ही फार उपयोगी; रोग सुरू झाल्यावर काही तासांतच ती वाढू लागते आणि औषध लागू पडले की उतरू लागते. पांढऱ्या पेशी मात्र पुष्कळदा प्रमाणातच असतात, तेव्हा 'रक्त नॉर्मल आहे' ह्या एका वाक्यावरही विसंबू नये.

पुढचा मुद्दा आपल्या कपाटातल्या औषधांचा. मागच्या खेपेचे उरलेले अँटिबायोटिक, शेजारणीच्या मुलाला लागू पडलेले अँटिबायोटिक, दुकानदाराने दिलेल्या दोन गोळ्या. अशा अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, पण ताप जरा उतरतो आणि रक्तात जंतू सापडेनासे होतात. कोणता जंतू आहे हे कळले तर कोणते औषध द्यायचे हे कळते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी रक्त घ्यायचे असते. दादा पेनिसिलिनवर वाचला. त्याच्या आधी बाराच वर्षे, १९५४ साली, पिंपरीला आपला सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध देशात तयार होऊ लागले. आमचे वडील त्या कारखान्याचे नाव देवासारखे घेत. आज बहुतेक स्टॅफिलोकॉकस जंतू साध्या पेनिसिलिनला दाद देत नाहीत, आणि काही तर त्याच्या पुढच्या औषधांनाही देत नाहीत. ही परिस्थिती आणण्यात आपल्या कपाटांचाही वाटा आहे.

औषध किती दिवस? दादाच्या वेळी महिनोन् महिने. आता साध्या, वेळेवर पकडलेल्या दुखण्यात सुरुवातीचे काही दिवस शिरेतून आणि मग तोंडाने, असे सगळे मिळून साधारण तीन ते चार आठवडे पुरतात. तान्ह्या बाळाला किंवा गुंतागुंत झाली तर अधिक. पण खरी अडचण इथेच येते. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप जातो, मूल हसू-खेळू लागते, आणि घरात कोणी तरी म्हणते, "आता कशाला ती औषधं? गरम पडतात." मूल बरे दिसते तेव्हा हाडातले जंतू अर्धमेले असतात. तिथेच औषध थांबले तर ते पुन्हा उठतात, कधी आठवड्यांनी, कधी फार उशिरा. दादाचा पाय १९९८ साली, तो एक्केचाळीस वर्षांचा असताना, तीस वर्षांच्या शांततेनंतर पुन्हा वाहू लागला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून मेलेले हाड काढावे लागले. तेव्हा गोळ्या ठरल्या दिवसापर्यंत द्या, आणि पोटाला जड वाटत असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतः कमी करू नका.

शस्त्रक्रियेचे भय आमच्या आजीला होते तसे आजही आहे. सगळ्यांना ती लागतही नाही. लवकर आलेली पुष्कळ मुले नुसत्या औषधाने बरी होतात. लागली तरी पाय कापत नाहीत. हाडाला लहानसे छिद्र करून कोंडलेला पू बाहेर काढतात. दाब गेला की ठणका जातो, आणि कित्येक दिवस न झोपलेले मूल त्या रात्री शांत झोपते. पाय कापण्याची वेळ येतेच तर ती न गेल्यामुळे येते.

काही लहानसहान समज आहेत, ते झटकन उरकते. हा आजार आंबट खाल्ल्याने होत नाही, भाताने पू वाढत नाही. मुलाला जे आवडेल ते पोटभर खाऊ घालावे. कॅल्शियमच्या कमतरतेचा ह्याच्याशी संबंध नाही, तेव्हा गोळ्या आणि टॉनिके आणून वाट पाहू नये. तो एका मुलाचा दुसऱ्याला लागत नाही. भावंडांना वेगळे निजवण्याचे कारण नाही. डेंग्यूला आपण हाडमोड्या ताप म्हणतो म्हणून दोहोंची गल्लत होते, पण डेंग्यूत सारे अंग मोडून येते, इथे एकच जागा. आणि हाडाचा क्षय निराळा. तो आठवड्या-महिन्यांच्या संथ चालीने येतो, हा दोन दिवसांत येतो. मात्र ज्या घरात सिकल सेलचा आजार आहे (विदर्भात, गडचिरोलीकडे, नंदुरबारच्या आदिवासी भागात तो बराच आढळतो) तिथल्या मुलांना हाडदुखीचे झटके एरवीही येतात आणि हाडातला पूही इतरांपेक्षा अधिक वेळा होतो. त्या दोहोंतला फरक घरी ओळखता येत नाही. अशा मुलाला ताप आणि हाडदुखी एकत्र दिसली तर नेहमीचेच आहे म्हणून थांबू नये, आणि सिकल सेल आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचे? ताप कधीपासून, पाय कधीपासून, मूल शेवटचे नीट कधी चालले, गेल्या महिन्यात अंगावर कुठे करट-फोड झाली होती का, आणि कोणते औषध देऊन झाले. दिलेले औषध लपवू नका, हाडवैद्याकडे गेला असाल तर तेही लपवू नका. आम्ही रागावलो तरी रागावू द्या. तापाचे नेहमीचे पॅरासिटामॉल दिलेले चालते. पाय उशीवर सैल ठेवून न्यावा. फोटो स्वच्छ आहे म्हणून घरी पाठवले आणि मूल चांगले दिसत नसले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पायरीवर बसावे.

एक गोष्ट राहिली. ती सांगावी की नाही ह्याचा मी काल रात्री विचार करीत होते.

मी वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होते. सुटीत घरी गेले होते. आई तुळशीपाशी बसली होती, मला जवळ बोलावून म्हणाली, "तू आता शिकतेस ते. खरं सांग. माझ्या चोळण्यानं त्याचा पाय गेला का?" चौदा वर्षे तिने हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. दादाला तर कधीच नाही. मी तिला सांगितले, "नाही, आई. जंतू रक्तातून आले होते, तुझ्या हातातून नाही." ते खरे होते. तिने पदराने डोळे पुसले आणि दिवा लावायला उठली. त्या आठ दिवसांविषयी तिने मला विचारले नाही. आणि मीही, ती असेपर्यंत, तो विषय काढला नाही.

चहा तयार आहे असे मला मघापासून खुणावत आहेत. ज्यांना आपल्या मुला-नातवंडांविषयी काही विचारायचे असेल त्यांनी मागच्या खोलीत यावे, मी तिथे थांबते.